आत्याचा मान

छाती मी हौसेनं भरून घेतली. आजार नव्हता, नवऱ्याचा हट्टही नव्हता. शाळेत असल्यापासून सपाट म्हणून चिडवून घेतलं होतं, त्याचा वीट आला होता. लग्नानंतर वर्षभरात पुण्यात ऑपरेशन केलं. गावाकडं राजुरीत सासूबाईंना पित्ताच्या खड्यांचं सांगितलं. खरं काय ते नवऱ्याला आणि धाकट्या नणंदेला ठाऊक होतं. ती तेव्हा पुण्यात शिकत होती, आमच्यापाशीच राहायची.

तिनं माझं सगळं केलं, ते मी नाकारत नाही. हात खांद्याच्या वर जात नव्हते. केस ती विंचरायची, ऑपरेशननंतरच्या घट्ट ब्राचे हूक ती लावायची, उताणं झोपून पाठ धरली की उशी सरकवायची. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, उद्या मूल झालं तर? त्या म्हणाल्या, काप छातीच्या खालच्या घडीत आहे, सिलिकॉनची पिशवी स्नायूच्या मागं आहे, दुधाच्या नळ्यांना धक्का लावलेला नाही. बहुतेकींना पाजता येतं, हमी मात्र कुणालाच देत नाही. नणंद शेजारच्या खुर्चीत बसून हे ऐकत होती.

मला आई नाही, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. मी नारायणगावच्या दवाखान्यात असतानाच नणंदेनं सगळं आपल्या आईच्या कानावर घातलं. का, तर म्हणे राहवलं नाही. घरी आल्या आल्या सासूबाईंनी लेक माझ्या हातातून काढून घेतली.

"पिशव्या बसवल्यात म्हनं छातीत. त्या पलाश्टिकचं दूध माझ्या नातीला न्हाई पाजायचं."

मी नणंदेकडं पाहिलं. "तू व्हतीस की तिथं. सांग ना आईंना, डॉक्टरीण काय म्हणाली."

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "मला त्यातलं काय एवढं कळत न्हाई, वहिनी."

नवरा गोठ्यात निघून गेला. त्यालाही मी विसरलेली नाही, पण त्याचं वेगळं.

मग घरचे गाईच्या दुधात पाणी घालून बोंडल्यानं माझ्या लेकीला पाजायला लागले. ती पलीकडच्या खोलीत रडायची आणि इकडं माझा ब्लाऊज भिजायचा. दूध साठून छाती दगडासारखी झाली, ताप भरला. मोरीत उभी राहून मी दूध पिळून टाकत होते. आयुष्यात इतके शिव्याशाप कुणाला दिले नसतील. सासूबाईंना दिले, पण त्या अडाणी होत्या, भ्यायल्या होत्या. नणंदेला माहीत होतं. एक वाक्य बोलली असती तर माझी लेक माझ्या कुशीत असती.

पोरीला जुलाब लागले, टाळू खोल गेली, तेव्हा सगळे घाबरले. दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टरांनी आधी सलाईन लावलं, मग सासूबाईंना फैलावर घेतलं. पोर जरा सावरल्यावर त्यांनी तिला माझ्याजवळ द्यायला लावलं. ती अशी चिकटली की माझ्या डोळ्यांना धार लागली. सासूबाई कोपऱ्यातून बघत होत्या. येताना गाडीत एवढंच म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच न्हाई गं." नणंद पुढच्या सीटवर बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

बारसं झालं ते लेक चांगली अंगावर पिऊ लागल्यावर. घर बायकांनी भरलं होतं. गावात बोभाटा झालेलाच होता, त्यामुळे येईल ती आधी माझ्या छातीकडं बघायची, मग पाळण्याकडं. नाव ठेवायचा मान आत्याचा. नणंद नवी काठपदर नेसून, वाळे आणि कुंची घेऊन आली होती. तिनं पाळण्याची दोरी धरली आणि ती वाकली, तेवढ्यात लेक रडली. मी तिला उचललं, तिथंच पाटावर बसले आणि सगळ्यांदेखत पाजायला घेतलं. एका बाजूला झालं, मग दुसऱ्या बाजूला. मला कसलीच घाई नव्हती. एकेकीचं बोलणं थांबलं. दूध गिळल्याचा आवाज ऐकू येत होता. नणंद दोरी धरून उभीच होती.

शेवटी हळूच म्हणाली, "वहिनी, द्या ना आता. नाव ठेवू द्या."

"हिचं दूध तू तोडलंस," मी म्हटलं. "नाव मी ठेवीन."

कुणीतरी "अगं असं काय करतीस" म्हणालं. सासूबाई मात्र गप्प राहिल्या. मी लेकीच्या कानाशी वाकले, नाव सांगितलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं. नणंदेनं दोरी सोडली. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली म्हणे. रडू दे, मी मोरीत रडले होते.

भाऊबीजेला येते ती. लेक तिच्या मांडीवर खेळते, आत्या आत्या करते, मी अडवत नाही. मला दिवस गेल्यापासून तिनं एक नाव मनात धरून ठेवलं होतं, कुणालाच सांगितलं नव्हतं, असं सासूबाई मागे एकदा म्हणाल्या. परवा ती स्वतःच म्हणाली, "वहिनी, मी कोणतं नाव ठेवणार होते, सांगू?"

मी म्हटलं, "नको."