चाचांची नाचणारी पाहुणेमंडळी

माणसाचं तोंड न बघता थेट पाय बघणारा इसम साऱ्या रत्नागिरीत एकच होता, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहत होता. आमच्या गल्लीतले चाचा. उभी हयात बोटीवर काढलेली, आफ्रिकेची बंदरं तोंडपाठ, आणि तिथले ढोल कायमचे कानात बसलेले. मासळीबाजारातसुद्धा रिकामी पाटी उपडी घालून ताल धरायचे. चाची बिचाऱ्या पिशवी घेऊन ताटकळत उभ्या. अठ्ठ्याण्णव साली मी त्यांच्या शेजारची खोली बघायला आलो, तर घरमालकाशी भाड्याचं बोलणं राहिलं बाजूला, चाचाच मध्ये पडले. "मास्तर, जरा चालून दाखवा." मी चाललो. त्यांनी मान हलवली. "तालात नाय. पण ऱ्हावा." धाकट्या लेकीला बघायला आलेल्या मुलाला तर त्यांनी अंगणात तीन फेऱ्या मारायला लावल्या. मुलगा लंगडा असल्याचा यांना संशय आहे, असं वाटून ती मंडळी उठायलाच निघाली. चाचींनी शिरखुर्म्यावर निभावून नेलं. बरं, स्वतः नाचावं तर बोटीवर गुडघा गेलेला. नमाजालाही खुर्ची लागायची.

त्यानंतर दोनेक वर्षांनी समुद्राकाठच्या एका हॉटेलात सिद्दी नर्तकांची पार्टी आली. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. पण ही माणसं कित्येक पिढ्या इथलीच, राहायला मुंबईत. त्यांचा म्होरक्या इस्माईल माझ्यापेक्षा बरं मराठी बोलायचा. तरी हॉटेलवाल्याने "आफ्रिकेच्या जंगलातली माणसं" असं माईकवर सांगून त्यांना डरकाळ्या फोडायला लावल्या. चाचा भडकले आणि कार्यक्रम संपताच अकराही जणांना घरी घेऊन आले. चहा घेता घेता इस्माईल म्हणाला, "चाचा, हा आमचा शेवटचा हंगाम. पोरं म्हणतात, नाचू, पण माकडचेष्टा करणार नाही. आमचं नाव कधी कुणी विचारलं नाही हो."

चाचांनी तिथल्या तिथे ठरवलं. गणपतीनंतरच्या गल्लीच्या कार्यक्रमात ही पार्टी नाचणार, फेर धरून जाखडी नाचणाऱ्या आमच्या पोरांबरोबर, एकाच रिंगणात. आणि माईकवर प्रत्येकाचं नाव घ्यायचं. माईक माझ्याकडे असायचा. जाखडीचे बुवा कुरकुरले, "आमची पावलं त्यांना जमतील काय?" चाचा म्हणाले, "त्यांची तुमाला जमतायत काय, ता बघा आधी." आठ दिवस तालीम चालली. तिसऱ्या दिवशी बुवा इस्माईलचा ढोल मागून घेऊन स्वतःच बडवत बसले होते.

घोळ झाला तो जेवणाचा. पाहुणे उपाशी राहतील या काळजीने चाचा घरोघरी गेले आणि प्रत्येक घरी एकच बोलले, "त्यांना कोण इचारत नाय ओ, तुमी तरी जेवू घाला." झालं. कार्यक्रमाच्या दुपारी सात घरांत पानं मांडलेली. कोंबडी, घावन, मोदक आणि वर कोकणातला आग्रह. संध्याकाळी पब्लिक खुर्च्यांवर आणि अकरा नर्तक चाचांच्या पडवीत आडवे. दोन तास मी माईकवर काय काय बरळलो, ते माझं मलाच ठाऊक.

शेवटी उठले. मी एकेक नाव सावकाश घेतलं. स्वतःचं नाव कानावर पडलं तेव्हा इस्माईल खाली मान घालून उभा राहिला, आणि मग जे काही नाचले म्हणता! बुवांची पोरं घामाघूम झाली, पण रिंगण तुटलं नाही. पार्टीही मोडली नाही. दरवर्षी येऊ लागली, बुवांबरोबर मालगुंड-वेळणेश्वरपर्यंत जाऊ लागली.

चाचा गेले, त्याच्या पुढल्या वर्षीही ती सगळी आली. मी नावं घेऊन संपवली, तर इस्माईल जवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, एक राहिलं. चाचांचं घ्या." मी माईक तोंडाशी नेला आणि तसाच थांबलो. इतकी वर्षं शेजारी राहिलो, आणि मला त्यांचं नावच ठाऊक नव्हतं. सगळेच चाचा म्हणायचे, मीही म्हणत राहिलो. फार लाज वाटली. खाली उतरून पहिल्या रांगेतल्या चाचींपाशी गेलो आणि विचारलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. मी वर जाऊन ते बारावं नाव घेतलं, आणि ढोल सुरू झाले.