डबीच्या आतलं कुंकू

"मुलगी हुशार आहे हो, पण चालू आहे की बंद, ते कानाशी धरल्याशिवाय कळत नाही."

चहाचा ट्रे घेऊन मी पडद्यामागे उभी होते. समोरच्या घरातले भिंगकाका हे दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगत होते, आणि ते माझ्याबद्दल होतं. मी ट्रे ठेवला आणि कुणाकडे न बघता परत आले. राग मात्र आला नाही. काका माणसांविषयी घड्याळांच्याच भाषेत बोलत, आणि घड्याळांविषयी ते कधी वाईट बोलत नसत.

उज्जैनच्या माधवनगरात त्यांच्या दारावर खऱ्या नावाची पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. कपाळावर सरकवलेलं काळं भिंग हीच त्यांची ओळख. जेवतानाही ते तिथेच असे, देवळातही. ग्वाल्हेर संस्थानच्या काळात इथल्या कचेऱ्यांमधल्या भिंतीवरच्या घड्याळांना चावी देणं ही त्यांची नोकरी होती. संस्थान मध्यभारत राज्यात विलीन झालं आणि ती जागा रद्द झाली. तरी दर सोमवारी काका काखेत छोटी शिडी घेऊन निघतच. कुणी हटकलं तर म्हणत, "राज्य विलीन झालं, भई. घड्याळं कुठे झाली?" कारकून हसत आणि त्यांच्यासाठी खुर्ची बाजूला घेत.

जुनी घड्याळं ओळखायला लोक त्यांच्याकडे येत. त्यांचा नियम एकच होता, मालकाला शेवटी विचारायचं. आधी डबी, म्हणजे बाहेरचं कवच बघायचं, मग आतलं यंत्र, मग दुरुस्ती करणाऱ्यांनी झाकणाच्या आत सुईने कोरून ठेवलेल्या खुणा. एकदा रामघाटावरचे एक पंडे कुणा यजमानाने दिलेलं घड्याळ घेऊन आले. शंभर वर्षांचं आहे, म्हणाले. काकांनी डबी उघडली, बराच वेळ पाहिलं आणि अदबीने परत दिलं. "पंडितजी, कोट दादाजी का है, अंदर पोता बैठा है." पंडे मनापासून हसले आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले.

मला त्यांनी बोलावून घेतलं ते एका पुस्तकासाठी. चांदीवरच्या विलायती ठशांचं ते फाटकं इंग्रजी पुस्तक होतं. काकांना ठसे आकारावरून ओळखता येत, पण खालचा मजकूर वाचता येत नसे. "तुझ्या कॉन्व्हेंटचा आम्हालाही थोडा फायदा होऊ दे," ते म्हणाले. मग दुपारी मी वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. सिंह म्हणजे चांदी खरी, जहाजाचा नांगर म्हणजे गाव कोणतं, आणि शेजारचं अक्षर म्हणजे साल. पण वीस-पंचवीस वर्षांनी तेच अक्षर पुन्हा येतं. "म्हणून अक्षराला भुलायचं नाही. त्याच्याभोवतीची ढाल, म्हणजे चौकट बघायची. दर फेऱ्याला ढाल बदलते." वाचण्यापलीकडे तिथे मला फारसं बोलावं लागत नसे. मला ती खोली आवडायची.

पुढे राज्यांची फेररचना झाली आणि दादांचं ऑफिस भोपाळला निघालं. आम्ही बांधाबांध करत होतो तेव्हा ग्वाल्हेरहून तात्या आले. हे दादांचे थोरले चुलतभाऊ. आमच्याकडचं साखळीचं घड्याळ पणजोबांना दरबारातून मिळालेलं होतं, असं घरात सगळेच सांगत. आता तात्यांचं म्हणणं असं की, ते पणजोबांचं असेल तर थोरल्या शाखेकडे, म्हणजे त्यांच्याकडे असायला हवं. दादा थोरल्यांशी वाद घालत नसत. आजोबा गेल्यापासून रोज सकाळी आंघोळ झाली की ते त्या घड्याळाला चावी देत आणि क्षणभर कानाशी धरत. त्या दिवशीही त्यांनी चावी दिली, आणि नंतर तात्यांना द्यायला ते रुमालात गुंडाळलं. ते बघून मीच समोर जाऊन काकांना बोलावून आणलं.

"वर महाराजांचं चिन्ह होतं," तात्या म्हणाले. असेलही. आमच्याकडे दर दसऱ्याला पाटावर शस्त्र म्हणून हेच घड्याळ ठेवत. आई आदल्या दिवशी रांगोळीने घासून ते लखलखीत करायची, त्यामुळे वरचं सगळं पार गुळगुळीत झालं होतं. काकांनी आईकडे दुःखाने पाहिलं. "वहिनी, देव घासा, समया घासा. घड्याळाचं वय त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं हो." मग त्यांनी झाकण उघडलं आणि हसले. पूजेत कुंकवाचं बोट आतल्या बाजूलाही लागत आलं होतं, आणि आत आईची रांगोळी कधी पोहोचली नव्हती. इतक्या वर्षांचं कुंकू ठशांच्या खाचांत बसून राहिलं होतं. चांदीवर नांगर, सिंह आणि एक अक्षर, तिन्ही लाल दिसत होते.

त्यांनी कपाळावरचं भिंग काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मी मान हलवून नको म्हटलं.

"मी सांगितलं तर ते माझं मत होईल," काका म्हणाले. "घरच्या माणसाने वाचलं, तर ते घड्याळाचं म्हणणं."

मी भिंग घेतलं. काकांनी बरोबर आणलेल्या पुस्तकात ते अक्षर दोनदा होतं. पहिल्या फेऱ्याचं साल पणजोबांच्या हयातीतलं. तात्यांनी माझ्या खांद्यावरून त्याच्यावर बोट ठेवलं. "हेच. झालं काम." मी पुन्हा भिंगातून पाहिलं. अक्षर अर्धं झिजलं होतं, पण भोवतीची लाल रेघ शाबूत होती. पहिल्या फेऱ्याच्या ढालीला खाली टोक होतं. आमची खाली सपाट होती, म्हणजे दुसऱ्या फेऱ्याची. मी बोटांवर वर्षं मोजली. पणजोबा सिंहस्थाच्या गर्दीत पटकीने गेले, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि उज्जैनच्या माणसाला सिंहस्थापासून पुढे बारा-बारा वर्षं मोजायला वेळ लागत नाही.

दादा खिडकीबाहेर बघत होते. मला उत्तर येतं हे काकांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असणार, पण त्यांनी मदत केली नाही. घड्याळ कानाशी धरून ते नुसते थांबले, जितका वेळ लागेल तितका.

"तात्या," मी म्हणाले, "पणजोबा ज्या सिंहस्थात गेले, त्याच्या पुढच्या सिंहस्थाच्या वर्षी हे घडलंय. हे पणजोबांना दरबारातून मिळालेलं नाही. हे माझ्या आजोबांनी घेतलेलं घड्याळ आहे, आणि ते दादांबरोबर भोपाळला जाणार आहे."