ग्रीक राजा आणि आमच्या देवीचा कौल

कॉलेजात तू नक्की काय शिकलीस, असं तुम्ही नातवंडांनी फोनवर विचारलंत. तिथं नीट सांगता आलं नाही, म्हणून क्रमानं लिहिते.

महाडच्या कॉलेजात माझा विषय इंग्रजी साहित्य. राहायला मामांकडे, सुट्टीत पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या गावी. त्या वर्षी आम्हांला ग्रीक शोकांतिका होत्या, इंग्रजीतून. एका नाटकात देववाणी होते की राजाच्या घराचा नाश अटळ आहे. तो टाळायला राजा जे जे करतो, त्यानंच नाश ओढवतो.

"चूक कोणाची?" सरांनी विचारलं.

वर्गानं गाइडातलं उत्तर दिलं, राजाच्या अहंकाराची. मला पटेना.

"सर, राजानं देवाला पुन्हा विचारायला हवं होतं. आमच्याकडे देवीला कौल लावतात. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार आला म्हणून कोणी रडत घरी जात नाही. प्रश्न बदलून विचारतात."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ग्रीसला एक गुरव पाठवा! पहिल्याच अंकात पडदा."

वर्ग हसला, सरही हसले. मग म्हणाले, "ग्रीकांचा देव बोलला की संपलं. हिच्या गावात तिथून बोलणं सुरू होतं. फरक मोठा आहे."

मी आठवडाभर हवेत होते. उन्हाळ्यात घरी आले तर स्थळ आलेलं. मुलगा मुंबईला कारकून, दिसायलाही बरा. पाहुण्यांची अट एकच, शिक्षण बंद. बी. ए.चं शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. आबा, माझे वडील, म्हणाले, "देवी सांगंल तसं."

देवळात गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "आई, पोरीचं शिकणं बंद करून यंदा लगीन लावावं, तर उजवा दे."

उजवी पाकळी लगेच पडली. मग वर्गातलं माझंच बोलणं आठवलं.

"आबा, हे दोन प्रश्न झाले. देवी हो म्हणाली ती लग्नाला, की शिक्षण बंद करायला?"

"गप गो! देवीसमोर वकिली करतेस?"

गुरव डोकं खाजवत म्हणाला, "पोरीचं खोटं नाय, दादा. एका टायमाला एकच इचारायचा. चुकलाच माझा. परत लावू."

लग्नाला पुन्हा उजवा मिळाला. मग, "शिकणं बंद करावं काय?" पाकळ्या हलेनात. आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "देवीला पेपर कठीण गेला वाटतं." मला हसू येईना. अखेर डावी पडली.

"आता पाव्हण्यांना काय सांगू?" आबा म्हणाले.

"देवीनं सांगितलं ते," आत्या म्हणाली. "तुझ्याशी भांडतील, तिच्याशी कसे भांडतील?"

आबांनी पाहुण्यांना तेच सांगितलं. मुलगाच, म्हणजे तुमचे आजोबा, म्हणाले, "राहू दे तिला वर्षभर. मला तरी मुंबईत खोली कुठं मिळतेय!"

वैशाखात लग्न झालं आणि जूनमध्ये मी हिरवा चुडा भरून वर्गात बसले. खोली मिळाली ती माझा निकाल लागल्यावर. वर्षभर ती मिळाली नाही की त्यांनी शोधलीच नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.