रुमालाखाली ठरलेलं वजन

जिमच्या ट्रेनरने माझ्या भावाला फसवलं. यवतमाळच्या दवाखान्यात, आयसीयूच्या दारात उभा राहून मी हे ओरडून सांगितलं, आणि आजही सांगतो. तेव्हा डॉक्टर म्हणत होते, "हार्ट अटॅक आहे. साखर तीनशेच्या वर आहे. बीपी बरेच दिवस वाढलेलं असावं." प्रमोद छत्तीस वर्षांचा. सकाळी त्याने वजनाचा बार उचलला आणि दुपारी छाती धरून बसला.

मी नेरचा, बैलांचा व्यापारी. एका गोऱ्ह्यापासून धंदा उभा केला. प्रमोद माझा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर मीच त्याला वाढवलं. त्याला पॉवरलिफ्टिंगचं वेड. जिल्ह्याच्या स्पर्धेत दर वेळी थोडक्यात मागे पडायचा. ट्रेनर म्हणाला, "वरच्या वजनगटात जा. वर्षभरात चार किलो वाढव, हळूहळू."

हळूहळू हा शब्द मला सोसत नाही. आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने सांगत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. मी ट्रेनरच्या हातावर घामाचा टॉवेल टाकला आणि त्याची बोटं धरली.

"भाऊ, हा का बैलबाजार होय?" तो हसला.

"तू बोटं मोज ना बाप्पा."

पाच महिन्यांत बारा किलो, असं ठरलं. त्याला हात काढून घेता आला असता. घेतला नाही. वजन वाढवायची पावडर त्याच्याच कपाटातून निघाली.

प्रमोद म्हशीच्या दुधात ती पावडर दिवसातून चारदा प्यायचा. बारवरचं वजन वाढलं, आणि पोटही. जिना चढताना धाप लागू लागली. तहान इतकी की पाण्याची बाटली हातातून सुटेना. त्याची बायको वैशाली मला म्हणाली, "भाऊजी, ह्यायचं पोट पाहा जरा. हे ताकद होय का?"

"तुले काय समजते?" मी तिच्यावर खेकसलो. "ओझं उचलाचं तर अंग लागतेच."

बाजाराच्या दिवशी लबाड माणूस बैलाला मीठ चारतो, वर पाणी पाजतो. कुशी भरलेल्या दिसतात. मी नुसता हात ठेवून ओळखतो की हे मांस नाही, पाणी आहे. भावाच्या पोटावर मात्र तो हात मी कधी ठेवला नाही.

दवाखान्यात पहिल्या दिवशी अँजिओग्राफी झाली, म्हणजे मनगटातून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं. एक वाहिनी बंद होती, तिच्यात स्टेंट बसवला. तिसऱ्या दिवशी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाचा एक भाग हलत नव्हता. बाकावर बसून मी रिपोर्टचा कागद उलटसुलट केला. घासाघीस कोणाशी करायची, ते कळेना.

डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. "ताकदीसाठी वजन वाढवणं वाईट नाही. पण महिन्याला थोडंच, आणि कमरेचा घेर मोजत. घेर वजनापेक्षा वेगाने वाढला, तर ती चरबी समजा. सुरुवातीलाच बीपी मोजायचं. लिपिड प्रोफाइल करायचं, ती रक्तातल्या चरबीची तपासणी. आणि एचबीए१सी, त्यात तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज येतो." मग विचारलं, "घरात कोणाला हृदयविकार?"

मी रिपोर्टच्या कागदाची घडी घालू लागलो. वैशाली म्हणाली, "मामंजी त्यानंच गेले. चाळिशीच्या आत."

प्रमोद घरी आला त्याच आठवड्यात मी जिममध्ये जाऊन ट्रेनरची कॉलर धरली. कपाटातून प्रमोदच्या प्रवेशाचा फॉर्म काढून त्याने समोर धरला. घरात हृदयविकार किंवा मधुमेह आहे का? नाही. अक्षर माझं होतं.

जनावराची खोड विकणारा सांगत नाही, घेणाऱ्याने शोधायची. या सवयीवर माझा जन्म गेला. खरं लिहिलं तर प्रमोदला घेणार नाहीत, या भीतीने मी ते लपवलं होतं.

आता प्रमोद सकाळी बसस्टँडपर्यंत चालतो आणि परत येतो. स्पर्धेचं ओझं पुन्हा उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. वजन उचलताना कमरेला बांधायचा त्याचा चामडी पट्टा खुंटीला आहे. वैशालीने तो एकदा आत ठेवला, त्याने परत काढून टांगला.

तुमच्या घरात कोणी वजन वाढवत असेल तर आधी तपासण्या करा, दर महिन्याला घेर मोजा, आणि घरातला आजार लपवू नका.

ट्रेनरने मात्र उत्तर द्यावं. पाच महिने प्रमोद रोज तुझ्यासमोर धापा टाकत होता. तुझ्याकडे घेर मोजायचा टेप नव्हता? माझ्या बोटांना तू होकार का दिलास?

तो फॉर्म मी प्रमोदला अजून दाखवलेला नाही. हे छापून येईल तेव्हा तो वाचेल. प्रमोद, मग माझ्यासमोर येऊन बस, आणि मलाही विचार.