उघडी हद्द

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची इतकी काळजी वाहणारा दुसरा माणूस मुळशी तालुक्यातच काय, सह्याद्रीच्या या अंगाला कुठेच सापडायचा नाही. आमचे भाडेकरू मूळचे यवतमाळचे. हिंजवडीत संगणकाची बऱ्या पगाराची नोकरी होती. पन्नाशीच्या तोंडावर ती सोडून ते भुकूमला आमच्या माडीवरच्या खोलीत समुद्राचं गणित शिकायला बसले. प्रत्यक्ष समुद्र त्यांनी कंपनीच्या सहलीत एकदाच पाहिला होता, तोही ओहोटीचा. तेवढ्यावर गडी खुळावला. आई त्यांना 'समुद्रवाले' म्हणायची, आणि पुढे दूधवाल्यापासून सगळे तेच म्हणू लागले. जेवायला बोलावलं की आमटीची वाटी तिरपी करून बघत बसायचे. "काकू, हे पहा, लाट काठाला आपटून परत येऊन राहिली!" आई म्हणायची, "आदी जेवा. लाट निवून चालली."

समोर येईल त्याला ते आपलं शास्त्र समजावून द्यायचे. समुद्राचे चौकोन पाडायचे, भाताच्या खाचरांसारखे. या चौकोनातून त्या चौकोनात किती पाणी गेलं, वारा कुठून लागला, हे क्षणाक्षणाला मांडत पुढे न्यायचं, म्हणजे उद्याची लाट आज कळते. याला मॉडेल म्हणायचं. एखादी चूक राहिली की आकडे बेफाम वाढत जायचे आणि लाट डोंगराएवढी व्हायची. मग हा गृहस्थ सुतकी चेहऱ्याने जिना उतरून सांगायचा, "फुटलं." पहिल्यांदा आईला वाटलं, तिची चिनी मातीची बरणी गेली. नंतर नंतर 'फुटलं' ऐकलं की ती मुकाट्याने शिऱ्यासाठी रवा भाजायला घ्यायची. मला त्यांचं हसू यायचं, आणि त्यांचा हेवाही वाटायचा. मी शाळेत इतकी वर्षं गणित शिकवतो, पण त्रैराशिक चुकलं म्हणून माझा घास कधी अडलेला नाही.

सगळं बिघडवलं एका शब्दाने. समुद्रवाल्यांना मराठीतून विचार करायची हौस, त्यामुळे गणितातल्या 'बाउंड्री'ला ते 'हद्द' म्हणायचे. आता भुकूममध्ये जमिनीला सोन्याचा भाव आलेला. माझे वडील आण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या यांच्यात बांधावरून कित्येक वर्षं अबोला, त्यात सरकारी मोजणीची तारीख लागलेली. आणि फोनला रेंज मिळते म्हणून हे महाशय नेमके त्याच बांधावर फेऱ्या घालत ऑनलाइन शिकवणाऱ्या आपल्या सरांशी मोठ्याने बोलायचे. "हद्द चुकीच्या जागी धरली आपण, सर. अजून थोडी सरकवून पाहतो. नाहीतर सगळं फुटेल!" पलीकडे तात्या गवत कापत होते. त्यांनी कोयता थांबवून अक्षर न् अक्षर ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की आण्णांनी बांध सरकवायला यवतमाळहून मोजणीवाला आणून माडीवर ठेवलाय.

त्याच आठवड्यात समुद्रवाल्यांना किनाऱ्यावरच्या एका संस्थेचं बोलावणं आलं. मुलाखत घरबसल्याच, संगणकावर. मॉडेल चालवून दाखवायचं, पटलं तर नोकरी. या वयात दुसरं कुणी दारात उभं करणार नव्हतं. ही संधी गेली तर सामान बांधून यवतमाळ, आणि समुद्र कायमचा राहिला. त्यांनी तीन दिवस आमटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

मुलाखतीच्या सकाळी अंगणात आरडाओरडा सुरू झाला. माडीवरची इंटरनेटची वायर तात्यांच्या आंब्यावरून आलेली, आणि तात्या कोयता घेऊन त्या आंब्याखाली उभे. "माज्या झाडावरनं वायर घेऊन माजीच हद्द सरकावताय व्हय? तोडतोच आता!" आण्णांनी कोपऱ्यातली पहार उचलली. "तोड तू! बगतोच तुला!" आई दोघांच्या नावाने हाका मारत होती, मी मध्ये उभा राहून दोघांच्याही शिव्या खात होतो, आणि मुलाखतीला जेमतेम पाच मिनिटं उरली होती. तेवढ्यात समुद्रवाले खाली आले. "तात्या, वायर तुमच्या हातात आहे. पण आधी माझ्या बाजूला बसून बघा. तुमच्या रानाचा तुकडा जरी दिसला, तर खुशाल तोडा."

तात्या कोयत्यासकट आमचा जिना चढले. मुलाखत सुरू झाली. कॅमेऱ्यात समुद्रवाले, कॅमेऱ्याबाहेर कॉटवर तात्या, दारात आण्णा आणि मी. सगळं इंग्रजीत चाललेलं. पडद्यावर निळे चौकोन सरकत होते आणि तात्या डोळे बारीक करून त्यांत आपला आंबा शोधत होते. मग पडद्यावरच्या एक बाई काहीतरी विचारता विचारता 'बाउंड्री' म्हणाल्या.

तात्या ताडकन उठले. प्लॉटवाल्या एजंटांमुळे तेवढं इंग्रजी भुकूममध्ये सगळ्यांना येतं. "बॉन्ड्री म्हनली! आयकलं मी!"

बाईंनी मराठीत विचारलं, "हे कोण?"

"शेजारी आहेत, मॅडम. त्यांना हद्दीची शंका आहे."

"मलाही तीच आहे," बाई म्हणाल्या. "दोघांना एकदमच समजावून सांगा."

समुद्रवाले खुर्चीतल्या खुर्चीत अर्धे तात्यांकडे वळले. "अख्खा समुद्र गणितात मावत नाही, म्हणून कुठंतरी हद्द धरावी लागते. खऱ्या समुद्रात तिथं काहीच नसतं. पण ती हद्द भिंतीसारखी धरली, तर लाट तिच्यावर आपटून परत येते, आणि आतलं सगळं नासवते. म्हणून हद्द उघडी ठेवायची. गेली ती लाट जाऊ द्यायची."

"आणि ते तुम्हाला जमलंय?"

हो म्हणाले असते तर कुणाला कळलं असतं? मी मनातल्या मनात त्यांना 'हो म्हणा, हो म्हणा' असं विनवत होतो.

"पुरतं नाही, मॅडम. थोडी लाट अजून परत येते."

संपलं, असं मला वाटलं. तात्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा दारातल्या भावाकडे पाहिलं, आणि कोयता हळूच कॉटखाली सरकवला. "थोडी येनारच की, बाई," ते म्हणाले. "लई दिसाची आसंल."

बाई हसल्या. दुसऱ्या दिवशी नोकरी मिळाल्याचा फोन आला.

मोजणी ठरल्याप्रमाणे झाली. भाऊ भाऊ अजून गळ्यात गळे घालत नाहीत, पण तात्या सकाळी चहाला येतात आणि आण्णा त्यांच्याकडे न बघता कप पुढे सरकवतात. समुद्रवाले गेले त्या दिवशी आईने त्यांच्या टेम्पोत इंद्रायणी तांदळाचं पोतं ठेवलं आणि ती आत जाऊन रडली. त्यांना ही नोकरी लागावी म्हणून आम्ही सगळ्यांनी देव पाण्यात ठेवले होते. ती लागली की ते जाणार, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता अधूनमधून कुणी खोलीची चौकशी करायला येतं. आण्णा ओसरीवरून न उठता सांगतात, "खोली दिलीया." कुणाला दिलीय, हे आम्ही त्यांना विचारत नाही.