माइक बंद केला होता

इंद्रलोक भागातल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक जुनाट कॉम्प्युटर आहे. त्यावर मीच लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली होती. मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं कामही माझ्याकडेच. कोण काय बोललं यावर नंतर भांडणं नकोत म्हणून साधा माइक लावून सगळं रेकॉर्ड करायचो.

त्या रविवारी विषय होता मासेवालीचा. उत्तनच्या कोळीवाड्यातली ही बाई गेली कित्येक वर्षं आमच्याकडे टोपली घेऊन येते. आता गुडघे गेलेत, म्हणून लिफ्टने वर यायची. लिफ्टला वास येतो, अशी तक्रार होती.

सोमवारी संध्याकाळी लिहायला बसलो, तर अकराव्या मिनिटाला आवाज गायब. पुढे तासभर नुसती शांतता. आधी स्पीकरवर संशय घेतला, पण गाणी नीट वाजत होती. मग माइकची पिन काढली, कान साफ करायची काडी तिच्या खाचेत फिरवली. तपकिरी चिकट राड आणि झुरळाचा पंख बाहेर आला. शिसारी आली. पिन परत लावली, साउंडची सर्व्हिस बंद-चालू केली, माइकसमोर हॅलो हॅलो केलं. काही नाही.

सेक्रेटरी दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "फुकटचं सॉफ्टवेअर. असंच होणार. राहू दे ना, आठवेल तसं लिही."

मी स्क्रीनवर रेकॉर्डिंग मोठं करून पाहिलं. अकराव्या मिनिटापर्यंत आवाजाची रेघ थरथरत होती, त्यापुढे एकदम सपाट. वायर सैल असती तर खरखर तरी आली असती. शिवाय मीटिंगभर डोक्यावर पंखा घरघरत होता, त्याचासुद्धा आवाज नाही. म्हणजे यंत्र बिघडलं नव्हतं. साउंडचं सेटिंग उघडलं, तर माइकच्या चित्रावर लाल काट. कुणीतरी हाताने म्यूट केलं होतं.

तो शेवटचा तुकडा पुन्हा ऐकला. मी खुर्च्या आणायला बाहेर गेलो होतो तेव्हाचा. सोसायटीतल्या एक बाई म्हणतात, "त्या लोकांना लिफ्टमध्ये घ्यायचंच कशाला?" लोक हसतात. मग सेक्रेटरींचा आवाज, अगदी जवळून: "थांबा, थांबा. हे सगळं कशाला रेकॉर्डवर?" आणि माउसची टिचकी.

"तुम्ही बंद केलंत?" मी विचारलं.

"हो, मीच," ते म्हणाले. चेहऱ्यावर लाज नाही, काही नाही. "सगळ्यांच्या भल्यासाठी. तुझ्यासुद्धा. तू काय बोललास ते विसरलास?"

विसरलो नव्हतो. खुर्च्या मांडून झाल्यावर वास येतो का, असं मला विचारलं गेलं होतं, आणि मी म्हणालो होतो, "वास येतो, हे खरंय." दर शुक्रवारी तिच्याकडून बोंबील घेणारा मी! घरी आणून, साफ करून, तळून खाणारा. सेक्रेटरींची किळस आली, आणि माझी त्याहून जास्त.

इतिवृत्त लिहिलं. त्या बाईंचं वाक्य लिहिलं, हसणं लिहिलं, माझं वाक्यही लिहिलं. माइक कुणी बंद केला तेही, आणि कागद सेक्रेटरींकडे दिला. दोन दिवसांनी फलकावर जे लागलं, त्यात एकच ओळ होती: फेरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये, सर्वानुमते.

मी कॉम्प्युटरचा पासवर्ड कागदावर लिहून सेक्रेटरींच्या हातात दिला आणि इतिवृत्ताचं काम सोडलं.

शुक्रवारी मासेवाली गेटपाशीच बसली होती. मी खाली गेलो. म्हटलं, "मावशी, मीटिंगमध्ये मीपण तुमच्या विरुद्ध बोललो."

तिने मान वर केली नाही. बोंबील मोजत म्हणाली, "ठावं हाय. वॉचमन बोलला." पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.