गुरुवारचं खोबरं

आमच्या कोंबड्या गावात सगळ्यात धार्मिक होत्या. दर गुरुवारी शाळा सुटायच्या वेळेला त्या फाटकाशी येऊन उभ्या राहत आणि सरस्वतीचा प्रसाद खात. खाऊ घालणारी मी. त्या काळातली मी म्हणजे काय सांगू! घट्ट अंबाडा, ताठ मान, आणि जगातलं सगळं पाप आपल्या अंगणाच्या कुंपणाबाहेर आहे असा पक्का समज.

ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं. नवरा वनखात्याच्या लाकूड डेपोत बाबू होता, मुलचेऱ्याच्या अलीकडच्या जंगलातल्या एका गावात. गावात ख्रिस्ती घर एकच, ते आमचं. मी वाढले चांद्याच्या मिशन कंपाउंडात. तिथे रविवारी देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा झाली की साऱ्या घरांची दारं एकदम उघडत. इथे घंटा फक्त बैलांच्या गळ्यात. रविवारी नवरा, मी आणि लेक चटईवर बसून गीत म्हणत असू. नवरा बेसूर. तो डेपोत अडकला की दोघीच. बाहेर सागाची वाळली पानं वाजत, आणि आमचा आवाज काही केल्या त्यांच्या वर जात नसे.

लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत होती. दर गुरुवारी तिथे पाटीवर सरस्वती काढून पूजा होई, नारळ फुटे, खोबरं-साखर वाटत. मी पोरीला बजावून ठेवलं होतं, हात जोडायचे नाहीत, प्रसाद खायचा नाही. पण नको म्हटलं तर गुरुजींना वाईट वाटेल, म्हणून घ्यायचा आणि मुठीत धरून घरी आणायचा. बिचारी आणायची. घामाने साखर विरघळून बोटं चिकट झालेली, खोबऱ्याचा तुकडा तेवढा शाबूत. तो मी कोंबड्यांपुढे टाकत असे. मूर्तीपुढचं पोरीने खायचं नाही. कोंबडीने खायचं, आणि नाताळात ती कोंबडी आम्ही खायची. हे कुठल्या शास्त्रात बसतं ते मला कुणी विचारलं नाही. मी तर स्वतःला काहीच विचारत नसे.

शेजारीण बौद्ध. तिची पोरगी आमच्या लेकीच्याच वर्गात. ती कुंपणावरून हसायची. "आमचीबी नाई जोडत हात. पण खोबरं खाऊन घेते. खोबऱ्याले काय धरम रायते का बाई?"

मी म्हटलं, "तुम्ही इथी पुष्कळ घरं आहा. तुमचं वेगळं."

"पुष्कळ घरं आहो म्हणूनच तर भीती नाई वाटत," ती म्हणाली. मला तेव्हा हे उद्धटपणाचं वाटलं.

मग माझ्या डोक्यात चांद्याची सिस्टर लोकांची शाळा शिरली. इंग्रजी, खाजगी, मुलींचं बोर्डिंग. इंग्रजीचं निमित्त. मला हवं होतं ते हे, की लेकीने आपल्या माणसांत वाढावं, माझ्यासारखं पानांशी स्पर्धा करत गाऊ नये.

नवरा म्हणाला, "इथली शाळा चांगली आहे, गुरुजी चांगले आहेत. काऊन धाडून राह्यली तिले? अन् त्या सिस्टरा कॅथलिक आहेत. आपण नाई."

"येशू तर एकच आहे ना?"

"येशू एकच आहे. आपली पोरगीबी एकच आहे."

असं तो क्वचितच बोलायचा. मी जिंकायच्या नादात होते, ऐकलंच नाही. जूनमध्ये पोरीची पेटी घेऊन एसटीत बसले आणि परत येताना शेजारची जागा रिकामी ठेवून आले.

घर एवढं मोठं आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. नवरा डेपोत अडकलेल्या रविवारी पहिलं कडवं म्हणून मी थांबायची, दुसऱ्याला कुणी सुरुवात करील म्हणून. गुरुवारी कोंबड्या फाटकाशी येत. मी कण्या टाकायची. त्या कण्या टिपत, पण नजर रस्त्याकडे. शेजारणीची पोरगी दप्तर हलवत एकटी जायची आणि आमच्या फाटकापाशी आली की जरा हळू चालायची.

दिवाळीच्या सुटीत लेक आली. लांब झाली होती, "गुड मॉर्निंग" म्हणत होती. मी खूश. कोंबड्यांना दाणे टाकत होती, तेव्हा विचारलं, "तिथी देवळात सगळ्यायसंग बसते ना?"

"बसते. मग फादर प्रसाद देते, तवा सगळ्या पोरी रांगेनं जाते. मी बाकावर रायते."

"अन् हिंदू पोरी?"

"त्या येतच नाई ना. त्या बाहेर खेळते. मले ख्रिस्ती म्हणून आत नेते. सिस्टर म्हणते, तुझं चर्च वेगळं आहे, बेटा."

आमच्यातही लहान मुलांना प्रभुभोजन, म्हणजे देवळातला तो भाकरीचा तुकडा, नसतो. पण तेव्हा सगळीच पोरं बाकावर असतात, एकमेकांना चिमटे काढत. ही एवढ्या मोठ्या देवळात, रिकाम्या बाकावर एकटी.

"मग तू काय करते?"

"मूठ बंद करून बसते," ती म्हणाली. मग कोंबडीकडे बघतच, तक्रार नव्हे, उगीच सांगितल्यासारखं, "इथी देते तर तू खाऊ देत नाई. तिथी मले देतच नाई."

वर्ष पुरं होऊ दिलं. जूनमध्ये ती पुन्हा गावच्या शाळेत बसली. नवऱ्याने तिची पेटी माळ्यावर टाकली आणि डेपोत गेला. टोमणा मारला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

पहिल्या गुरुवारी वेणी घालताना मी मोठ्या मनाने म्हटलं, "आज खोबरं आणशील ना, ते आपण दोघी खाऊ." दिवसभर मला त्याच तुकड्याची वाट. शाळा सुटायच्या आधीच फाटकाशी जाऊन उभी राहिले. कोंबड्या आल्याच होत्या.

दोघी पोरी धावत आल्या, दप्तरं आदळत.

"खोबरं कुठी आहे?"

"खाल्लं ना!" लेक म्हणाली. "आम्ही दोघीनं वाटून खाल्लं. हिनं मोठा तुकडा घेतला, चोट्टी!" आणि दोघी शेजारणीच्या अंगणात पळाल्याही. तिकडून हसणं ऐकू येत राहिलं.

मी फाटकाशी तशीच. मला हवं होतं तेच झालं होतं, पोरीला तिची माणसं मिळाली होती. कोंबड्या मान वाकडी करून माझ्याकडे बघत होत्या. मी वाकले आणि त्यांना माझी रिकामी मूठ उघडून दाखवली.